‘उत्तम’ म्हणून परत केलेले बाड

भाईंदर स्थानकाकडून उत्तनच्या दिशेने निघाले की वाटेत राई हे गाव लागते. मिठागरे आणि खाजणे यांच्या सोबतीने वाढलेल्या या आगरी गावातील एका तरुणाने मागे एकदा आपल्या सात कथांचे बाड माझ्या हाती ठेवले. त्यापूर्वी ते बाड अनेक लेखक मंडळींनी पाहिले होते आणि प्रत्येकाने ‘उत्तम’ असा शेरा देऊन परत केले होते. कथेतील मिठागरावर राबणारा म्हातारा बाप आपल्या मुलाशी थेट पाठ्यपुस्तकातील मराठीत बोलतो, ही गोष्ट मात्र त्यांपैकी एकानेही त्याच्या कानावर घातली नव्हती.

आपल्याकडे लेखक एकमेकांशी भांडत नाहीत असे नाही. पण हल्लीची भांडणे पुरस्कारांची आणि अध्यक्षपदांची असतात. समोरच्याचे लेखन ओळ न् ओळ वाचून भांडणे ही निराळी गोष्ट आहे. पुण्यात १९२३ साली स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाचे कवी एकत्र जमून एकमेकांना कविता वाचून दाखवीत. या वर्तुळाबाहेर उभे राहून आचार्य अत्रे यांनी ‘केशवकुमार’ या नावाने ‘झेंडूची फुले’मध्ये त्याच कवींची विडंबने केली. ज्या कवितेचे वृत्त आणि लकबी जिभेवर रुळलेल्या नाहीत, तिचे विडंबन साधत नाही. अत्र्यांइतके बारकाईने त्या कविता वाचणारे चाहते मंडळाला किती लाभले असतील, याची शंकाच आहे.

‘सत्यकथे’चे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक लेखकाला सविस्तर पत्रे लिहीत, पुनर्लेखन सुचवीत. एखादी कथा दोनतीनदा जाऊन येई. या परिश्रमांचे ऋण अनेक थोर कथाकारांनी मान्य केले आहे. परंतु ज्या अभिरुचीच्या गाळणीतून हे सर्व जाई, ती गाळणी कोणाची, असा प्रश्न अनियतकालिकांच्या तरुणांनी विचारला. राजा ढाले यांनी ‘सत्यकथेची सत्यकथा’ लिहिली. पुढे त्या मासिकाची होळीही झाली. अंक जाळणे प्रस्तुत लेखकाला रुचत नाही. तथापि जाळणाऱ्यांनी तो आधी वाचला होता, हेही विसरता येत नाही. १९८२ मध्ये ‘सत्यकथा’ बंद पडली आणि ज्याच्याशी भांडावे असा एक मोठा प्रतिपक्षच नाहीसा झाला.

या दोन टोकांच्या मध्ये कोठे तरी विजय तेंडुलकर उभे दिसतात. नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ला १९७२ साली त्यांनी प्रस्तावना लिहिली. तत्पूर्वी ते स्वतः ढसाळांबरोबर त्या वस्तीत हिंडले, कवितेतील अपरिचित शब्दांचे अर्थ त्यांनी कवीलाच विचारले आणि आपले अज्ञान प्रस्तावनेत लपविले नाही. त्या वेळी तेंडुलकरांचे नाव नाटककार म्हणून केवढे झालेले होते! शब्द बदला, असे सांगण्याचा अधिकार त्यांना सहज घेता आला असता.

राईच्या तरुणाला मी बापाच्या भाषेविषयी स्पष्टपणे लिहिले, आणि कदाचित जरुरीपेक्षा अधिक कठोरपणे. “आगरीत लिहिले तर लोक हसतात हो,” एवढेच बोलून तो गेला आणि दोन महिने फिरकला नाही. या अवधीत आपण एक उमलता लेखक तर खुडला नाही ना, ही टोचणी मला होती. नुसते ‘उत्तम’ म्हणणारे किती सुखाने झोपत असतील, हेही तेव्हा कळले.

मग एका सकाळी तो आला तो माझाच एक जुना लेख घेऊन. त्यात मी ऐन श्रावणात मिठाचे वाफे उन्हात चमकविले होते. “काका, पावसात मिठागर बंद असतं. तेव्हा तिथे नुसतं पाणी असतं,” तो म्हणाला. लेख छापून कितीतरी वर्षे झाली होती. एकाही समीक्षकाने ही चूक दाखविली नव्हती. मी निमूटपणे पेन्सिल घेतली.

जाताना त्याने पुन्हा लिहिलेली पहिली कथा टेबलावर ठेवली. बाप आता आगरीत बोलतो. त्यातील तीन शब्द मला कळले नाहीत. ते अधोरेखित करून ठेवले आहेत. रविवारी तो येईल तेव्हा विचारायचे आहेत.