डोक्याला लावलेले औषध मुळाशी कसे पोचते?

केस विरळ होऊ लागले की मनुष्य प्रथम आरशाला दोष देतो, मग नळाच्या पाण्याला, आणि शेवटी बाजारातल्या बाटलीकडे वळतो. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी अशीच एक बाटली आणली. मुलीचे लग्न दोन महिन्यांवर आलेले. तेव्हा दिवसातून दोनदा लावावयाचे औषध ते चारदा चोळू लागले. केस आले नाहीत, छातीत धडधड मात्र सुरू झाली. "डोक्याला लावलेले औषध छातीपर्यंत गेले कसे?" हा त्यांचा प्रश्नच या लेखाचे निमित्त होय.

आपल्या त्वचेचा अगदी वरचा थर मृत, चपट्या पेशींचा असतो. विटांच्या मध्ये चुना भरावा तसे या पेशींच्या फटींत स्निग्ध पदार्थ भरलेले असतात. थर कागदाहून पातळ, पण पहारा कडक. साधारणपणे ५०० रेणुभाराच्या वरचे रेणू तो आत येऊ देत नाही. खोबरेल तेलाचे बहुतेक रेणू याहून जड असतात. तेल केसांची झीज कमी करते हे खरे, परंतु नवा केस उगवणे त्याच्या हाती नाही.

दुसरी वाट केसांच्या छिद्रांची. प्रत्येक केसाभोवतीच्या छिद्रातून औषध खाली उतरते आणि तेथे काही काळ साठूनही राहते.

त्या गृहस्थांच्या बाटलीत मिनॉक्सिडिल होते. हे मूळचे रक्तदाबाचे औषध. अमेरिकेत १९७९ साली त्याच्या गोळ्यांना मान्यता मिळाली. गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, त्यावरून डोक्याला लावण्याचे द्रावण निघाले, व १९८८ साली तेही तेथे मान्य झाले. याचा रेणुभार सुमारे २०९, म्हणून त्याला वाट मिळते. द्रावणातील मद्यार्क उडून जातो, आणि प्रोपिलीन ग्लायकॉल औषधाला आत शिरण्यास मदत करते. केसाच्या मुळाशी एक विकर त्याचे सल्फेट बनविते, आणि खरे काम हे सल्फेटच करते. हे विकर ज्यांच्यात कमी, त्यांना गुणही कमी.

निरोगी त्वचेतून सरासरी १.४ टक्केच औषध रक्तात जाते. परंतु त्वचा सोललेली वा सुजलेली असली, अथवा मात्रा वाढविली, तर हा भाग वाढतो. आमच्या गृहस्थांच्या डोक्यात कोंडा खाजवून ओरखडे पडले होते! डॉक्टरांनी औषध बंद करविले, तेव्हा धडधड थांबली.

तेव्हा सभासद बंधुभगिनींनी एवढे ध्यानी ठेवावे. औषध कोरड्या डोक्यावर, केसांना नव्हे तर त्वचेला, सांगितले तेवढेच लावावे. नंतर हात धुवावेत, चार तास डोके भिजवू नये. पहिले काही आठवडे केस अधिक गळले तरी घाबरू नये. गुण दिसण्यास चार महिने लागू शकतात, आणि औषध सोडले की आलेले केसही काही महिन्यांत जातात. हृदयविकार असलेल्यांनी, तसेच गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, डॉक्टरांना विचारल्याखेरीज त्याला हात लावू नये. लहान मुले व घरातील मांजर यांपासून बाटली दूर ठेवावी.

पाटाने जेवढे पाणी शेतात जाते तेवढेच पिकाच्या कामी येते. जादा सोडलेले पाणी बांध फोडते. औषधाचेही तसेच आहे.