गुंठे, उतार आणि उघडीप : झिरो-टर्न यंत्राचा डेक निवडताना

सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यात कोयना धरणाच्या कुशीत वसलेल्या कोयनानगरात वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळत असल्याने तिथे गवत उगवावे कसे हा प्रश्न कोणालाच पडत नाही. उगवलेले गवत वेळेत कापायचे कसे, हा प्रश्न मात्र दरवर्षी पडतो. डोंगरउतारावरचे वैरणीचे गवत दसऱ्यानंतर, ते पिवळे पडू लागल्यावर, विळ्याने किंवा अलीकडे खांद्याला अडकवण्याच्या ग्रास कटरने कापले जाते, कारण वैरणीला लांब काडी लागते आणि ती पेंढी बांधून गंजीत रचावी लागते. बागा, शाळांची मैदाने, विश्रामगृहांची आवारे आणि पर्यटकांसाठी उभारलेली निवासस्थाने यांच्या हिरवळीला ही रीत चालत नाही. तिथली हरळी सतत आखूड राखायची असते आणि एका कापणीत पात्याच्या उंचीचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग काढू नये, हा हिरवळीच्या निगेचा सर्वमान्य नियम पाळायचा, तर ऐन पावसाळ्यात आठवड्याला एकदा तरी यंत्र फिरवणे भाग पडते.

मोठ्या आवाराची देखभाल करणाऱ्यांचे लक्ष त्यामुळे साहजिकच बसून चालवायच्या यंत्रांकडे जाते आणि त्यांत झिरो-टर्न यंत्राचे नाव आघाडीवर असते. या यंत्राला सुकाणूचक्र नसते; मागच्या दोन चाकांना तेलाच्या दाबावर चालणारी दोन स्वतंत्र प्रणोदने असतात, त्यांचे नियंत्रण चालकाच्या हातांतील दोन दांड्यांनी होते, आणि एक चाक पुढे व दुसरे मागे फिरवले की यंत्र जागच्या जागी वळते, म्हणजे वळणाची त्रिज्या शून्य होते. पुढची दोन चाके फक्त भार पेलतात. मागची चाके नेतील तिकडे ती निमूटपणे फिरतात. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात जॉन रेजियर यांनी १९६३ मध्ये असे यंत्र बनवले, आणि तेव्हा कोयनेचे धरण पूर्णत्वाच्या टप्प्यावर होते. कॅन्सस हा बहुतांशी मोकळा, सपाट गवताळ मुलूख आहे, ही बाब केवळ भूगोलाची नाही. या यंत्राचे गुण आणि त्याच्या मर्यादा या दोन्ही गोष्टी त्या सपाटीशी जोडलेल्या आहेत, आणि सह्याद्रीत ते आणणाऱ्याने ती गोष्ट नजरेआड करू नये.

डेक म्हणजे यंत्राच्या पोटाखालचे, पात्यांना झाकणारे पोलादी कवच होय. त्याच्या आत आडवी फिरणारी दोन किंवा तीन पाती असतात आणि कापलेले गवत एका बाजूच्या तोंडातून बाहेर फेकले जाते. डेकचे माप म्हणजे एका फेरीत कापल्या जाणाऱ्या पट्ट्याची रुंदी, आणि ती आजही इंचांतच सांगितली जाते. घरगुती यंत्रांत ४२ इंच (सुमारे १०७ सेंटिमीटर) हे माप सर्रास आढळते, मध्यम यंत्रांत ४८ ते ५४ इंच, तर व्यावसायिक यंत्रांत ६० आणि ७२ इंचांचे डेक असतात. इंग्लंडमधील स्ट्राउडच्या एडविन बडिंग यांनी १८३० मध्ये ज्या पहिल्या हिरवळ-यंत्राचे पेटंट घेतले त्याची रुंदी १९ इंच होती. तेव्हापासून रुंदीची ही चढाओढ थांबलेली नाही, आणि ग्राहकही मोठे माप म्हणजे चांगले यंत्र अशी समजूत करून घेतो.

ही समजूत तपासण्यासाठी आपल्याकडच्या गुंठ्याच्या हिशेबात एक सोपे सूत्र मांडता येते. डेकची रुंदी इंचांत घ्यावी, तिला यंत्राच्या ताशी किलोमीटर वेगाने गुणावे आणि पाचाने भागावे. येणारा आकडा म्हणजे तासाभरात कापून होणारे गुंठे. फेऱ्या एकमेकींवर थोड्या चढवाव्या लागतात, वळणांत वेळ जातो, झाडांभोवती वेग कमी करावा लागतो, म्हणून एक पंचमांश काम वाया जाते असे धरूनच हे सूत्र बसवलेले आहे. त्यानुसार ४८ इंचांचे यंत्र ताशी आठ किलोमीटर वेगाने चालले, तर तासाला सुमारे ७७ गुंठे, म्हणजे दोन एकरांना थोडे कमी, काम होते.

कोयनेच्या खोऱ्यात या सूत्राला एक तिसरी बाजू जोडावी लागते आणि ती म्हणजे उघडीप. ओले गवत डेकच्या आतल्या बाजूला चिकटते, पात्यांना हवा मिळत नाही, कापणी तुटक होते आणि ओल्या जमिनीवर चाके घसरतात. म्हणून पाऊस थांबून पाती निथळल्यावर जे दोन तास हाती लागतात त्यांतच काम उरकावे लागते. समजा तीन एकर हिरवळ आहे आणि उघडीप दोन तासांची आहे, तर तासाला ६० गुंठे कापले गेले पाहिजेत. जमीन सपाट आणि कोरडी असून ताशी आठ किलोमीटर वेग साधत असेल, तर ४२ इंचांचा डेक ६७ गुंठे देतो, म्हणजे तो पुरून उरतो. पण गवत दमट, दाट आणि वाढलेले असल्याने वेग पाचावर आणावा लागला, तर तेच काम करायला ६० इंचांचा डेक लागतो. डेकच्या मापाची चर्चा क्षेत्रफळावरून सुरू होते आणि तिथेच संपते, हा विक्रेत्यांच्या तक्त्यांतला मोठा दोष आहे. गवताच्या कोणत्या अवस्थेत आणि किती वेळात ते कापायचे आहे, हे ठरल्याशिवाय एकरांचा आकडा फारसे काही सांगत नाही.

याचा अर्थ पावसाळी मुलखात डेक जेवढा रुंद तेवढा बरा, असा मात्र होत नाही. उघडीप कमीत कमी किती रुंदी लागेल ते सांगते. जास्तीत जास्त किती रुंदी चालेल हे जमीन सांगते, आणि कोयनानगरासारख्या ठिकाणी या दोन आकड्यांमध्ये फारच थोडी जागा उरते.

प्रथम तुकड्यांचा विचार करावा. वीस मीटर रुंद आणि पन्नास मीटर लांब असा साधारण दहा गुंठ्यांचा तुकडा घेतला आणि दोन फेऱ्यांत दहा सेंटिमीटरचा चढाव ठेवला, तर ४२ इंचांच्या डेकला २१ फेऱ्या माराव्या लागतात आणि ६० इंचांच्या डेकला १५. ताशी आठ किलोमीटर वेगाने एक फेरी साडेबावीस सेकंदांची होते, प्रत्येक वळणाला पाच सेकंद धरले, तर लहान डेकचे काम साडेनऊ मिनिटांत होते आणि मोठ्याचे सुमारे सात मिनिटांत. हा अडीच-पावणेतीन मिनिटांचा फायदा यंत्र एका तुकड्यावरून दुसऱ्यावर नेताना, फाटक उघडताना आणि कडेचे गवत हाताने छाटताना सहज विरून जातो. तोच तुकडा सलग चाळीसपट मोठा, म्हणजे दहा एकरांचा असता, तर बचत पावणेदोन तासांच्या वर गेली असती. डोंगराळ गावात दहा एकर सलग हिरवळ क्वचितच असते. असते ती पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली, फरसबंद वाटांनी आणि फुलझाडांच्या वाफ्यांनी तोडलेली.

उताराचा प्रश्न याहून गंभीर आहे, कारण तिथे वेळ नव्हे, जीव पणाला लागतो. बहुतेक उत्पादकांच्या पुस्तिका १५ अंशांपेक्षा अधिक उतारावर झिरो-टर्न यंत्र नेऊ नये असे बजावतात. हा कोन डोळ्यांनी ओळखणे कठीण असते, पण एक मीटर लांबीची पट्टी पाणसळीने आडवी धरून तिचे एक टोक चढाच्या बाजूला जमिनीला टेकवले आणि दुसऱ्या टोकाखालचे अंतर मोजले, तर ते २७ सेंटिमीटर भरल्यास उतार १५ अंशांचा आहे असे समजावे. या यंत्राचे वळणे आणि थांबणे ही दोन्ही कामे मागच्या चाकांवरच सोपवलेली असल्याने ती चाके ओल्या गवतावर घसरली की चालकाच्या हातात काहीच उरत नाही. सुकाणूचक्राच्या यंत्रात पुढची चाके निदान दिशा तरी देतात. म्हणून पावसाळी गवतावर १५ अंशांची मर्यादाही सैल मानावी लागते, आणि उलटल्यास चालकाला वाचवणारी पोलादी कमान व आसनपट्टा या गोष्टी ऐच्छिक समजू नयेत.

डेकच्या रुंदीचा उताराशी येणारा संबंध बहुधा कोणी सांगत नाही. खोल कडा, पाण्याची चर किंवा ताल, म्हणजे डोंगरउतारावर दगड रचून बांधलेली पायरी, यांच्यापासून यंत्राने स्वतःच्या रुंदीच्या दुप्पट अंतर राखावे, अशी सूचना अनेक पुस्तिकांत असते. ६० इंचांच्या यंत्रासाठी हे अंतर तीन मीटरांच्या वर जाते, तर ४२ इंचांच्या यंत्रासाठी ते दोन मीटरांपेक्षा थोडेसेच जास्त होते. दहा मीटर रुंदीच्या तालीवर मोकळ्या कडेचा जवळपास तिसरा हिस्सा मोठ्या यंत्राला वर्ज्य ठरतो आणि तो शेवटी ग्रास कटरनेच छाटावा लागतो. म्हणजे रुंद डेक घेऊन हातकाम वाढते, असा उफराटा प्रकार होतो.

जमिनीच्या उंचसखलपणाचाही असाच परिणाम होतो. डेक हे ताठ पोलादाचे कवच असल्याने ते वाकत नाही. जमिनीला उंचवटा आला की तिथले गवत मुळापर्यंत खरवडले जाते आणि शेजारच्या खोलगट भागात ते उंच राहते, आणि डेक जितका रुंद तितका हा फरक ठळक दिसतो. डेकच्या कडांना लावलेली छोटी चाके त्याला उंचवट्यावरून उचलून घेतात खरी, पण ती उपाय नव्हेत, केवळ मलमपट्टी आहेत. त्यात मोठ्या यंत्राचे वजन आड येते. ४२ इंचांचे घरगुती यंत्र अडीचशे-तीनशे किलोंचे असते, तर ६० इंचांचे व्यावसायिक यंत्र त्याच्या जवळपास दुप्पट भरते, आणि पाण्याने फुगलेल्या तांबड्या मातीत त्याच्या चाकांच्या चाकोऱ्या पडतात. जागीच वळताना आतले चाक एका ठिकाणी फिरून हरळीची चकती उपटते. ते टाळण्यासाठी चालकाने थोडे मागे-पुढे करत वळावे लागते, म्हणजे शून्य त्रिज्येचा लाभही ओल्या हिरवळीवर अर्धाच घेता येतो.

फाटक आणि वाहन या दोन गोष्टी खरेदीनंतर आठवतात. डेकचे माप केवळ कापणीची रुंदी सांगते. गवत फेकणारे तोंड खाली असताना यंत्राची एकूण रुंदी सहज फूटभर वाढते. चार फुटी फाटक असलेल्या आवारात ४८ इंचांचे यंत्र नेमके बसेल असे कागदावर वाटते, प्रत्यक्षात ते अडते. गावोगावी ज्याला छोटा हत्ती म्हणतात त्या मालवाहू गाडीच्या हौद्याची रुंदीही दीड मीटरच्या आसपासच असते, त्यामुळे ६० इंचांचे यंत्र कऱ्हाड-पाटण रस्त्याने एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणाऱ्या कंत्राटदाराला वेगळी गाडी किंवा ट्रॉली ठेवावी लागते, आणि तो खर्च यंत्राच्या किमतीत धरला जात नाही.

दोन डेक एकाच मापाचे असले तरी सारखे नसतात. अमेरिकी मानकानुसार पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांपेक्षा, म्हणजे ताशी सुमारे ३५० किलोमीटरपेक्षा जास्त असू नये, कारण त्या वेगाने उडालेला खडा गोळीसारखा घुसतो. या बंधनामुळे पाते लांब असेल तर त्याचे फेरे कमी ठेवावे लागतात. ४२ इंचांच्या डेकमध्ये बहुधा दोन लांब पाती असतात आणि ४८ इंचांपासून पुढे तीन, त्यामुळे ४८ इंचांच्या डेकमधले पाते ४२ इंचांमधल्यापेक्षा आखूड असते व मिनिटाला अधिक फेरे घेऊ शकते. पावसाळी गवतासाठी याहूनही महत्त्वाची आहे ती डेकची खोली आणि इंजिनाची ताकद. उथळ डेकमध्ये दमट गवताचा लगदा साचतो; खोल डेकमधून तो फेकला जातो. वीस अश्वशक्तीचे इंजिन ४२ इंचांना जोडले, तर प्रत्येक इंचाच्या वाट्याला जी ताकद येते ती ६० इंचांना जोडल्यावर तीस टक्क्यांनी घटते, आणि दाट ओल्या हरळीत नेमकी तीच कमी पडते.

या सगळ्याचा मेळ घातला, तर कोयनानगरच्या उताराच्या बागा, निवासस्थाने आणि कॉलन्यांची आवारे यांसाठी ४२ ते ४८ इंच ही मर्यादा योग्य ठरते, आणि त्यातही शक्य असल्यास तीन पात्यांचा खोल डेक घ्यावा. नेहरू स्मृती उद्यानासारख्या बागेतल्या वाटा, पायऱ्या आणि ताटव्यांच्या मधल्या जागांना तर ढकलून चालवायचे लहान यंत्रच अधिक शोभते. खोरे सोडून कृष्णाकाठाला उतरले की चित्र बदलते. १९६१ मध्ये सुरू झालेल्या साताऱ्याच्या सैनिकी शाळेसारख्या मैदाने असलेल्या संस्था, सांगलीतील महाविद्यालयांची क्रीडांगणे आणि कऱ्हाडच्या धावपट्टीलगतच्या सरळ, लांब गवतपट्ट्या अशा ठिकाणी ५४ ते ६० इंचांचा डेक आपली किंमत वसूल करतो, कारण तिथे वळणे थोडी, उतार नगण्य आणि पाऊस पश्चिमेच्या मानाने फारच कमी असतो. ७२ इंचांचा डेक या दोन जिल्ह्यांत कोणी घ्यावा, याचे पटण्याजोगे उदाहरण सापडत नाही.

उरतो तो सुट्या भागांचा प्रश्न. पात्यांच्या संख्येइतकेच धुरे, त्यांच्या दुप्पट बेअरिंगे आणि सगळ्यांना फिरवणारा एक लांब पट्टा असा डेकचा संसार असतो, आणि कोयनेच्या दमट हवेत त्यातले बेअरिंग गंजणे व पट्टा घसरणे नित्याचेच ठरते. पट्टा प्रत्येक डेकच्या मापानुसार वेगळ्या लांबीचा असतो, एकाचा दुसऱ्याला चालत नाही. म्हणून यंत्र घेतानाच एक जादा पट्टा आणि पात्यांचा एक जादा संच मागून घ्यावा, आणि तो मे अखेर हाताशी असल्याची खात्री करावी.