विषाचं वेळापत्रक

बीड जिल्ह्यातल्या अपघात विभागाचं कामही पेरणी-सुगीच्या हिशेबानं चालतं. पावसाचं पाणी बिळांत शिरलं की नाग-घोणस बाहेर पडतात. मग कपाशीवर फवारणी सुरू होते. ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशक तोंडावाटेच नव्हे, घामेजल्या कातडीतूनही शरीरात जातं. मज्जातंतूचा निरोप पोचला की तो पुसून टाकणारं विकर ते बंद पाडतं, त्यामुळे निरोप थांबतच नाही. लाळ-घाम सुटतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, फुप्फुसं स्रावानं भरतात. ॲट्रोपिन हा त्यावरचा उतारा. २०१७ मध्ये यवतमाळला फवारणीतल्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले, ते विसरता येत नाही.

दिवाळीच्या सुमारास इथले ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. कोयत्याची जखम, कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, जमिनीवर झोपल्यावर झालेला सर्पदंश, यांची नोंद तिकडच्या दवाखान्यात होते. म्हणून बीडच्या माणसांचं दुखणं एकट्या बीडच्या रजिस्टरात शोधणं मला अपुरं वाटतं.

असा जमिनीवर झोपेत झालेला मण्यारीचा दंश बहुधा दुखत नाही, सुजत नाही. पहाटे पोटात दुखून पापण्या जड झाल्या, तर मांत्रिकाकडे जाऊ नका. लगेच १०८ ला फोन करा.