वणव्यानंतरचे घर

कणकवली तालुक्यातील तळेरे परिसरासारख्या कोकणपट्ट्यात फाल्गुन-चैत्रात वाळलेल्या गवतातून पसरणारा वणवा, म्हणजे रानातील बेफाम आग, काजू-आंब्याच्या बागांबरोबर कधी राहते घरही गिळतो. जेवण आणि आसरा यांसाठी वाडी धावून येते. कुटुंब अडते ते कागदपत्रांशी. तलाठ्याचा पंचनामा, म्हणजे पंचांसमक्ष केलेली नुकसानीची नोंद, हा शासकीय मदतीचा पाया असल्याने राख उपसण्यापूर्वी छायाचित्रे काढून ठेवावीत. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२-२६ च्या निकषांत पूर्ण नष्ट घरासाठी सपाट भागात १,२०,००० आणि डोंगराळ भागात १,३०,००० रुपये ठरले. चिऱ्याची भिंत उभी करणाऱ्यास ही रक्कम अपुरीच. शिवाय नवे काजूकलम साधारण तिसऱ्या वर्षी फळू लागते, म्हणून गावकऱ्यांनी पहिल्या आठवड्यातील कपड्यांच्या ढिगापेक्षा तोवरच्या रोजगाराची सोय आधी पाहावी.