इंजिन बदललं, गिअरबॉक्स बदलला. गाडीच्या कॉम्प्युटरला सांगितलं का?

मंचर : ऐन टोमॅटोच्या हंगामात पिकअपचं इंजिन बसलं की मालकाला दुसरं काही सुचत नाही. नवीन इंजिनचा खर्च झेपत नाही, मग कुठल्यातरी मोडीत काढलेल्या गाडीचं इंजिन शोधलं जातं. त्याच्याबरोबर गिअरबॉक्सही स्वस्तात मिळतो. दोन-तीन दिवसांत फिटर सगळं बसवून देतो, सेल मारला की गाडी चालूही होते. पण कॅरेट भरून माळशेजच्या रस्त्याला लागली की चेक लाइट पेटते, गाडी ओढत नाही, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी इंजिन ठराविक फेऱ्यांच्या वर जात नाही. माल पहाटे वाशीला किंवा कल्याणला पोचायचा असतो आणि गाडी घाटात धापा टाकत असते.

अशा वेळी दोष फिटरला दिला जातो. खरं तर नट-बोल्टचं काम त्याने बहुतेक वेळा बरोबर केलेलं असतं. राहिलेलं असतं ते कॉम्प्युटरचं काम.

आंबेगाव-जुन्नरच्या जुन्या ड्रायव्हर लोकांना हे पटायला जड जातं, कारण त्यांनी वेगळा जमाना पाहिलाय. टाटाचं ६९७ इंजिन असो की लेलँडचं हिनो, डिझेल किती सोडायचं हे पंप ठरवायचा. पंप चांगल्या माणसाकडून सेट करून घेतला, टायमिंग जुळवलं, की काम संपलं. वायरी म्हणजे सेल, दिवे आणि हॉर्न. पण प्रदूषणाचे नियम कडक होत गेले. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस ४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ लागू झालं. आता पिकअप असो, आयशर असो की ऊस वाहणारा ट्रक, डिझेल कधी, किती आणि किती वेळा फवारायचं हे एक छोटा डबा ठरवतो. त्याला ईसीएम किंवा ईसीयू म्हणतात, गॅरेजात नुसतं ‘कॉम्प्युटर’.

हा डबा इंजिनवरच्या सेन्सरकडून माहिती घेतो. क्रँक कुठे आहे, पाणी किती तापलंय, हवा किती आत येतेय, ड्रायव्हरचा पाय किती दाबलेला आहे, हे सगळं तो बघतो आणि आपल्या आत साठवलेल्या तक्त्यातून हिशेब काढतो. हा तक्ता त्याच मॉडेलच्या इंजिनसाठी कंपनीने बनवलेला असतो. इंजिन दुसरं आणि तक्ता पहिलाच, म्हणजे एकाच्या जमिनीचा माती परीक्षण अहवाल घेऊन दुसऱ्याच्या रानात खत टाकण्यासारखं.

इंजिन अगदी त्याच मॉडेलचं असेल तर? तरीही काम उरतंच, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. कॉमनरेल इंजिनात डिझेलचा दाब १६०० बारच्या आसपास किंवा त्याहून जास्त जातो. मोटारीच्या टायरमधली हवा साधारण २ ते अडीच बार असते, यावरून अंदाज यावा. एवढ्या दाबाखाली इंजेक्टर सेकंदाच्या हजाराव्या भागात उघडझाप करतो. एकाच कारखान्यातून निघालेले चार इंजेक्टर घेतले तरी चौघांचा फवारा किंचित वेगळा पडतो, जसे एकाच बंडलातले ड्रिपर थोडं कमी-जास्त पाणी सोडतात. म्हणून कंपनी प्रत्येक इंजेक्टर तपासून त्याच्या डोक्यावर आकडे-अक्षरांचा एक कोड छापते. तो कोड स्कॅनरने कॉम्प्युटरमध्ये भरला की प्रत्येक इंजेक्टरचा फरक सांभाळून घेतला जातो. कुठला कोड कितव्या सिलिंडरचा, हा क्रमही चुकून चालत नाही.

कोड न भरता गाडी चालते, हीच खरी अडचण. गाडी बंद पडली असती तर माणूस परत गॅरेजला गेला असता. इथे ती खडखड करते, आयडलिंगला थरथरते, धूर टाकते, डिझेल जास्त पिते, आणि मालक म्हणतो, जुनं इंजिन आहे, चालायचंच. एखाद्या सिलिंडरला सतत जास्त डिझेल जात राहिलं तर पिस्टन जळायची वेळ येते आणि इंजिनचे पैसे दुसऱ्यांदा मोजावे लागतात.

इंजिनबरोबर त्याचा कॉम्प्युटरही आणला तर वेगळा प्रश्न उभा राहतो. बऱ्याच गाड्यांच्या चावीत चिप असते. चावी, इमोबिलायझर आणि इंजिनचा कॉम्प्युटर यांची आपसात ओळख पक्की केलेली असते. परका कॉम्प्युटर बसवला की तो चावीला ओळखत नाही. सेल फिरतो, पण डिझेल सुटत नाही. मग कंपनीच्या सॉफ्टवेअरने गाडीचा चासी नंबर त्यात लिहावा लागतो आणि चाव्या नव्याने जोडाव्या लागतात. म्हणून त्याच मॉडेलचं, त्याच बीएसचं इंजिन असेल तर आपला जुना कॉम्प्युटर आणि जुनं वायरिंग ठेवून इंजेक्टर कोड भरणं हा सरळ रस्ता. बीएस ६ गाडीत बीएस ४ चं इंजिन घालायचा विचार मात्र करू नये. सायलेन्सरमधला फिल्टर, त्याचे सेन्सर, मोठ्या गाड्यांत युरियाची टाकी, यातलं काहीच त्या इंजिनशी जुळत नाही आणि आरटीओतही ते पास होत नाही.

गिअरबॉक्सचं काय

गिअरबॉक्स साधा, हाताने टाकायचा असेल तर त्याला कॉम्प्युटर लागत नाही, असं लोक समजतात. पण गाडी किती वेगाने चाललीय हे अनेक गाड्यांत गिअरबॉक्सच्या मागच्या टोकावरचा सेन्सरच सांगतो. शाफ्टच्या एका फेरीत किती ठोके पडतात, क्राऊनचं प्रमाण किती आणि टायर कोणता, यावरून वेग काढला जातो. समजा आधी क्राऊन ४.१ चा होता आणि आता ४.५५ चा आला. कॉम्प्युटरला सांगितलं नाही, तर गाडी खरी ७२ ने चाललेली असताना मीटर ८० दाखवणार. ज्या गाडीला ८० चा स्पीड गव्हर्नर आहे ती ७२ लाच अडणार, आणि किलोमीटर फुकटचे वाढणार. सेन्सर जोडायचाच राहिला तर पी ०५०० हा कोड येतो. क्लच आणि न्यूट्रलच्या स्विचची वायर सुटली तरी काही गाड्या सेल घेत नाहीत.

ऑटो गिअरच्या गाडीत गिअरबॉक्सला स्वतःचा कॉम्प्युटर असतो आणि तो इंजिनच्या कॉम्प्युटरशी दोन वायरींवरून सतत बोलत असतो. बोलणं तुटलं की यू ०१०१ कोड येतो. बोलणं जुळल्यावर क्लच नेमका कुठे धरतो हे त्याला शिकवावं लागतं. ही प्रक्रिया स्कॅनर लावूनच होते. नुसतं चालवून चालवून बसेल, असं कोणी म्हणालं तर ऐकू नये.

प्रोग्रामिंग होताना

स्टेअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर किंवा लॅपटॉप लावतात. आधी जुना डेटा काढून ठेवतात, मग नवीन फाइल टाकतात. मोबाईलचं अपडेट चालू असताना बॅटरी संपली तर काय होतं हे सगळ्यांना माहीत आहे, इथेही तेच. मध्येच व्होल्टेज पडलं तर कॉम्प्युटर कायमचा बंद पडू शकतो आणि तो महाग असतो. त्यामुळे भरपूर चार्ज असलेली चांगली बॅटरी हवी आणि तिला स्थिर वीज देणारा सपोर्ट चार्जर हवा. दिवे, पंखा, टेप बंद. आपल्याकडे लाईटचा भरवसा नाही, म्हणून सपोर्टला इन्व्हर्टरचा आधार आहे का हे कामाआधीच विचारावं. १२ व्होल्टच्या पिकअपचा चार्जर २४ व्होल्टच्या ट्रकला चालत नाही, हे वेगळं सांगायला नको.

प्रोग्रामिंगच्या आधीच कॉम्प्युटर जळण्याचं एक साधं कारण आहे. इंजिन बसेना म्हणून फाउंडेशनला वेल्डिंग मारतात आणि बॅटरी तशीच जोडलेली असते. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची टर्मिनल आणि कॉम्प्युटरचं सॉकेट दोन्ही काढायलाच हवं. इंजिन ते चासी अर्थची पट्टी परत लावली का, हेही मालकाने डोळ्यांनी बघावं. ती राहिली की उगाच पाच-सहा सेन्सरचे कोड येतात आणि चांगले सेन्सर बदलले जातात.

चेक लाइट जातच नाही म्हटल्यावर ‘मॅपिंग’वाला भेटतो. तो ईजीआर आणि फिल्टर सॉफ्टवेअरमधून बंद करून देतो, लाइट विझते, गाडी दोन दिवस जोरात पळते. दुखणं आत तसंच राहतं, फक्त सांगणारा गप्प केलेला असतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ अ नुसार मालकाने गाडीत बेकायदा बदल केला तर प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

इंजिन बदलणं बेकायदा नाही, पण आरसीवर इंजिन नंबर असतो. कलम ५२ प्रमाणे आधी आरटीओची मंजुरी घ्यायची आणि बदल केल्यापासून १४ दिवसांत तो आरसीवर नोंदवून घ्यायचा. आंबेगाव, जुन्नरच्या गाड्यांसाठी हे काम पिंपरी-चिंचवडच्या एमएच १४ कार्यालयात होतं. गाडीवर कर्ज असेल तर बँकेला, आणि विमा कंपनीलाही कळवावं. नंबर जुळला नाही तर अपघातानंतर क्लेमच्या वेळी पहिला प्रश्न तोच निघतो, आणि चोरीच्या गाडीचं इंजिन निघालं तर पोलिस ठाण्याच्या चकरा वेगळ्या.

त्यामुळे मोडीतलं इंजिन घेताना भाव ठरवण्याआधी पक्कं बिल आणि ज्या गाडीतून ते काढलं तिचे कागद मागावेत. इंजेक्टरवरचे कोड पुसलेले नाहीत ना हे बघून प्रत्येकाचा सिलिंडरच्या क्रमाने मोबाईलवर फोटो काढावा. इंजिन एकदा आत बसलं की अनेक गाड्यांत तिथे हात जात नाही, कॅमेरा तर लांबच. कॉम्प्युटर सोबत घेत असाल तर त्याचा पार्ट नंबर आपल्या जुन्या डब्यावरच्या नंबराशी ताडून बघावा. आणि फिटरशी मजुरी ठरवतानाच कोड भरणं, स्कॅन करणं आणि माल भरून चढावर एक फेरी मारणं त्यात धरलंय का, हे बोलून घ्यावं.