गुडघ्याचं ऑपरेशन आणि पुढचे तीन महिने

दुखणं अंगावर काढण्यात आपल्या बायकांचा हात कुणी धरणार नाही. अंगात ताप असला तरी पोळ्या लाटून मग पडायचं, कंबर धरली तरी धुणं उरकून मग बाम चोळायचा! त्यातून गुडघेदुखी तर वयाबरोबर येणारच, अशी आपण मनाची समजूत घालून ठेवलेली असते. आधी जिना चढताना कळ येते. मग मांडी घालून बसलं की उठायला कुणाचा तरी हात लागतो. मग देऊळ, हळदीकुंकू, लग्नकार्य असं एकेक जाणं सुटत जातं. 'आता मला कुठली हौस?' असं म्हणणाऱ्या कितीतरी सासवांची आणि आयांची हौस संपलेली नसते, गुडघे संपलेले असतात.

आमच्या सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली. आधी उजव्याचं, सहा महिन्यांनी डाव्याचं. माझी अर्धवेळ शाळा सांभाळून हे सगळं घरात निभावताना डॉक्टरांना आणि व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना मी खूप प्रश्न विचारले. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. ऑपरेशन डॉक्टर करतात, ते तास-दीड तासाचं काम. पण गुडघा चालता होतो तो नंतरच्या तीन महिन्यांत, आणि ते काम घरातलं असतं. म्हणून हे लिहिते आहे.

गुडघ्यात बिघडतं काय?

मांडीचं हाड आणि नडगीचं हाड जिथं भेटतात तिथं दोन्हींच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. त्यांच्यामध्ये दोन चकत्या गादीसारख्या असतात, आणि वंगणासारखा थोडा द्रवही असतो. वर्षानुवर्षं ही कूर्चा झिजत गेली की हाडावर हाड घासू लागतं. सूज येते, कडा वाढतात, पाय हळूहळू फेंगडे होतात. याला संधिवाताचा झिजेचा प्रकार म्हणतात. बायकांमध्ये, विशेषतः पाळी गेल्यानंतर, तो पुरुषांपेक्षा जास्त आढळतो.

पण गुडघा दुखला की झीजच, असं मात्र नाही हं. शाळेत खोखो खेळताना एखाद्या मुलीचा पाय पिरगळतो, 'कट्' असा आवाज येतो आणि थोड्याच वेळात गुडघा टरारून सुजतो. तिथं आतला अस्थिबंध तुटलेला असू शकतो. त्याचे उपचार निराळे. बऱ्याचदा सूज उतरल्यावर दुर्बिणीतून नवा अस्थिबंध बसवतात आणि मैदानावर परतायला नऊ महिने ते वर्ष लागतं. अशा पायाला चोळून घेऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

ऑपरेशनच्या आधी काय?

झीज झाली म्हणजे लगेच ऑपरेशन असंही नाही. पहिला उपाय वजनाचा. एक किलो वजन उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. दुसरा उपाय मांडीच्या पुढच्या स्नायूंना बळ देणाऱ्या व्यायामाचा. तिसरा काठीचा. आणि ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची, हे पुष्कळांना माहीत नसतं! दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या मनानं महिनोन्महिने घेऊ नयेत. पोटाला आणि मूत्रपिंडाला त्या महागात पडतात.

'दुर्बिणीतून गुडघा साफ करून घ्या' असाही सल्ला मिळतो. अमेरिकेत ह्यूस्टनला १८० रोग्यांवर याची परीक्षा झाली आणि २००२ मध्ये तिचा निकाल छापून आला. काहींचा गुडघा खरोखर साफ केला, काहींच्या नुसत्या कातडीला छेद देऊन टाके घातले. दोन वर्षांपर्यंत दोन्हीकडे आराम सारखाच! तेव्हा झिजलेल्या गुडघ्याला नुसत्या सफाईनं नवी कूर्चा येत नाही.

मग ऑपरेशन कधी? रात्री झोपेत ठणका लागतो, घरातल्या घरात चालणं नकोसं होतं, पाय वाकडा होत चाललेला दिसतो आणि हे उपाय करून काही महिने उलटले, तर. फोटो उभं राहून काढलेला असावा, झोपून काढलेल्यात झीज नीट कळत नाही. फार उशीर केला की मांडीचे स्नायू सुकतात, गुडघा आखडतो आणि नंतरची मेहनत दुप्पट होते. आमच्याकडे तीन वर्षं गेली ती अशीच. आधी नणंदेचं बाळंतपण, मग गणपती, मग नातवाची दहावी!

ऑपरेशनमध्ये करतात काय?

'गुडघा बदलतात' म्हटलं की सगळा गुडघा कापून काढतात अशी धास्ती वाटते. खरं पाहता हाडांची झिजलेली टोकं आठ-दहा मिलिमीटर तासून त्यावर नवं आवरण बसवतात, दाताला टोपी बसवावी तसं. मांडीच्या हाडाला कोबाल्ट-क्रोमियम धातूची टोपी, नडगीच्या हाडावर धातूची बैठक आणि दोन्हींच्या मध्ये टणक प्लॅस्टिकची चकती. भूल बहुधा पाठीच्या कण्यात देतात, कंबरेखालचं शरीर तेवढं बधिर होतं.

आज ज्या घडणीचे गुडघे बसवतात, तिचा पाया १९७४ साली न्यूयॉर्कच्या 'हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरी'मध्ये घातला गेला. त्या कामात डॉ. जॉन इन्सॉल यांच्याबरोबर आपले डॉ. चित्तरंजन रणावत होते. पुढे ऑक्टोबर २००० मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात याच डॉ. रणावतांनी बदलला, आणि जून २००१ मध्ये उजवा. पंचाहत्तरीतल्या पंतप्रधानांनी हे करून घेतलं म्हटल्यावर सासूबाईंची निम्मी भीती गेली.

'दहा वर्षांनी पुन्हा करावं लागतं ना?' हा प्रश्न हमखास येतो. २०१९ मध्ये छापून आलेल्या मोठ्या पाहणीत, बदललेल्या शंभर गुडघ्यांपैकी सुमारे ८२ गुडघे पंचवीस वर्षांनंतरही टिकलेले आढळले. मात्र दर पाच जणांमागे साधारण एकाचं मनासारखं समाधान होत नाही, थोडं दुखणं राहतं. हेही आधीच माहीत असावं.

दवाखान्यात जाण्याआधी घर आवरा

रक्तदाब, साखर, रक्त-लघवी, हृदयाचा आलेख हे सगळं डॉक्टर बघतातच. किडके दात, पायाच्या भेगा, लघवीतला जंतुसंसर्ग यांचा उपचार आधी करून घ्यावा. जंतू रक्तातून नव्या सांध्यापर्यंत पोचू शकतात. घरची तयारी मात्र आपली:

• पायपुसणी, सुटे गालिचे, वाटेतल्या वायरी उचलून ठेवा. वॉकर त्यातच अडकतो.
• भारतीय संडास असेल तर वर ठेवायची कमोडची खुर्ची आणा. शेजारी धरायला दांडी बसवून घ्या.
• पलंग आणि खुर्ची उंच हवी, बसल्यावर गुडघे कमरेच्या वर जाता कामा नयेत. खुर्चीला हात हवेत. पलंगाच्या पायांखाली ठोकळे घालून भागतं.
• रात्रीचा छोटा दिवा, आणि हाताशी येईल अशा ठिकाणी पाणी, औषधं, फोन.
• नऊवारी-पाचवारीचा घोळ पायात येतो. महिनाभर सैल गाऊन बरा.
• विळीवर बसणं बंद. भाजी टेबलावर सुरीनं.

पहिले पंधरा दिवस

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. दुखतं, पण उभं राहता येतं. घरी आल्यावर दिवसातून तीन-चार वेळा व्यायाम. पावलं वर-खाली हलवणं, म्हणजे पोटरीत रक्त साकळत नाही. मांडी घट्ट आवळून गुडघा गादीवर दाबणं. टाच गादीवरून सरकवत गुडघा दुमडणं. दुखण्याची गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घेतली तर सोसवतं. नंतर फडक्यात गुंडाळलेल्या बर्फाचा शेक. गरम शेक आणि तेल नको.

टाके साधारण बारा ते पंधरा दिवसांत निघतात. तोवर गुडघा नव्वद अंशांत, म्हणजे खुर्चीवर बसल्यावर दुमडतो तितका, दुमडायला हवा. आणि सरळही पुरता व्हायला हवा. म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवू नका, बरं वाटलं तरी. ठेवायचीच तर टाचेखाली ठेवा.

मी शिक्षिका पडले, तेव्हा वहीच घातली. तारीख, व्यायामाच्या वेळा आणि व्यायामाच्या बाईंनी मोजलेले अंश. पहिल्या आठवड्यात ५५, मग ७०, मग ८५. 'आई, अजून पाच मार्क हवेत,' असं मी म्हटलं की त्या दात-ओठ खात पाय दुमडायच्या आणि म्हणायच्या, 'तुझ्या शाळेतली पोरं कशी गं सोसतात तुला?' सोळाव्या दिवशी वहीत ९२ लिहिले तेव्हा त्यांनी स्वतः ते नातवाला नेऊन दाखवले.

मायाही आड येते

आमच्या ओळखीतल्या एका बाईंचं ऑपरेशन उत्तम झालं होतं. पण घरात तीन मुली, दोन सुना. कुणी आईला पलंगावरून उतरू देईना. पाय दुमडताना आईच्या डोळ्यांत पाणी आलं की 'राहू दे आजच्या दिवस' म्हणून व्यायाम थांबायचा. 'टाके उसवतील' अशी भीतीही कुणीतरी घातलेली. दोन महिन्यांनी गुडघा साठ अंशांच्या पुढे जाईना. शेवटी पुन्हा भूल देऊन डॉक्टरांना तो वाकवून घ्यावा लागला. सांगितलेल्या व्यायामानं टाके उसवत नाहीत. न केल्यानं आत जखमेचे तंतू आवळत जातात आणि गुडघा तसाच धरून राहतो.

याच्या उलटही होतं. तिसऱ्या आठवड्यात जरा पाय टेकायला लागला की घरची बाई ओट्याशी उभी! 'बसून किती करून घ्यायचं?' या लाजेपोटी तास तास उभं राहायचं, रात्री पाय टम्म सुजायचा आणि दुसऱ्या दिवशी व्यायाम बुडायचा. नवरा-मुलांना भात-वरण लावता येईल, पोळ्यांना बाई लावता येईल. पाय दुमडणं मात्र दुसऱ्या कुणाला करता येत नाही. म्हणून सहा आठवडे घरातल्या कामांची वाटणी ऑपरेशनच्या आधीच ठरवा आणि कागदावर लिहून भिंतीला लावा.

वॉकर सुटून काठी यायला तीन ते सहा आठवडे, साधी घरकामं तीन महिन्यांत. जिन्याचा नियम सोपा आहे: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. गुडघा काही महिने कोमट लागतो, बाहेरच्या बाजूची कातडी बधिर वाटते, कधी टक् टक् आवाज येतो. यात घाबरण्यासारखं काही नाही. जेवणात डाळी, उसळी, दूध, चालत असतील तर अंडी असू द्यावीत. 'आंबट खाल्लं की जखम चिघळते' यात तथ्य नाही. गोळ्यांनी पोट धरतं, म्हणून पाणी आणि पालेभाज्या भरपूर. मांडी घालून आणि उकिडवं बसणं टाळावं. पूजेला चौरंग उंचावर घ्या, आपण खुर्चीवर बसा.

मात्र ताप, जखमेतून पाणी किंवा पू, वाढत जाणारा लालपणा, पोटरीत ठणका आणि सूज दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. छातीत दुखलं किंवा एकाएकी दम लागला तर क्षणभरही थांबू नका, सरळ दवाखाना गाठा.

पैशाचं काय?

ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणानं कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची किंमत, जी आधी सरासरी दीड लाखावर होती, ती कर सोडून ५४,७२० रुपयांवर आणली. बिलात सांध्याची किंमत, कंपनी आणि बॅच क्रमांक वेगळा दाखवणं रुग्णालयांना बंधनकारक केलं. तेव्हा लेखी अंदाजपत्रक मागा. सांध्याची, खोलीची, डॉक्टरांची आणि व्यायामाच्या बाईंची रक्कम वेगवेगळी विचारा. विम्याच्या पॉलिसीत सांधेबदलाला पहिली काही वर्षं पैसे मिळत नाहीत, ते कलम वाचा. सरकारी योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतात, त्यांच्याकडे शिधापत्रिका घेऊन चौकशी करा. बॅच क्रमांकाचा कागद दागिन्यांच्या पावतीसारखा जपून ठेवा.

मैत्रिणींनो, कॅलेंडरात सणवार, परीक्षा आणि पाहुणे नसलेला महिना शोधाल तर तो कधी सापडायचा नाही. ज्यांनी आयुष्यभर सगळ्यांच्या वेळा सांभाळल्या, त्यांच्यासाठी घरानं तीन महिने काढावेत, एवढंच हे काम आहे. घरात कुणी जिन्याचा कठडा धरून थांबत असेल, तर या आठवड्यात उभं राहून एक फोटो काढून आणा. पुढचं काय ते डॉक्टर सांगतील. आणि कामांच्या वाटणीचा कागद तुम्ही लिहायला घ्या.