विझलेला दिवा काय सांगतो?

मोटारीची किल्ली फिरवली की डॅशबोर्डवर बॅटरीचे चित्र असलेला लाल दिवा लागतो आणि इंजिन सुरू झाले की विझतो. हा दिवा कोणत्या दोन बिंदूंमध्ये जोडलेला असेल? आम्ही वर्गात विचारले, तेव्हा उत्तर आले, "बॅटरीच्या धन आणि ऋण टोकांमध्ये." तसे असते तर तो विझलाच नसता!

जुन्या धाटणीच्या गाड्यांत दिव्याचे एक टोक किल्लीमार्फत बॅटरीच्या धन टोकाशी आणि दुसरे अल्टरनेटरशी जोडलेले असते. इंजिन बंद असताना दिव्यातला प्रवाह कार्बन ब्रशमधून रोटरच्या गुंडाळीत आणि तिथून गाडीच्या सांगाड्यात जातो. त्यामुळे दिवा लागतो आणि रोटर किंचित चुंबकित होतो. इंजिन फिरले की अल्टरनेटरचे टोकही सुमारे 14 व्होल्टपर्यंत चढते. दोन्ही टोकांमध्ये विभवांतर उरत नाही आणि दिवा विझतो.

हे टेबलावर करून पाहता येईल. टॉर्चचे दोन सारखे सेल घ्या. त्यांची ऋण टोके तारेने जोडा आणि धन टोकांमध्ये छोटा बल्ब लावा. बल्ब लागणार नाही. आता एक सेल काढून त्याच्या जागी नुसती तार जोडा. बल्ब लागेल. काढलेला सेल म्हणजे थांबलेला अल्टरनेटर.

आता दोष शोधणे सोपे जाते. इंजिन चालू असताना दिवा लागलाच, तर आधी पट्टा पाहावा, अर्थात इंजिन बंद करून. पुष्कळ गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. तो तुटला असेल तर गाडी पुढे रेटू नये, इंजिन तापेल. पट्टा ठीक असेल तर ब्रश, रेग्युलेटर आणि वायरची जोडणी यांच्याकडे वळावे. दिवा मंद लुकलुकत असेल तर सैल जोडणीचा किंवा एखाद्या बिघडलेल्या डायोडचा संशय घ्यावा. किल्ली काढल्यावरही दिवा लागत असेल तर बहुधा डायोड शॉर्ट झालेला असतो आणि उभ्या गाडीची बॅटरी रात्रभर रिकामी होत राहते.

पण फसवतो तो न लागणारा दिवा. आमच्या एका सहकाऱ्यांची बॅटरी वरचेवर उतरायची. त्यांनी नवी घेतली, तीही उतरली. लाल दिवा कधी दिसत नसल्यामुळे 'चार्जिंग ठीक आहे' असेच सगळे म्हणत. प्रत्यक्षात दिव्याचा बल्बच उडाला होता! रोटरला सुरुवातीचा प्रवाह मिळत नव्हता. कधी इंजिन जोरात फिरले, तर लोखंडातल्या उरल्यासुरल्या चुंबकत्वावर अल्टरनेटर चालू होई, म्हणून दोष लपून राहिला. बॅटरीच्या मानाने बल्ब तो केवढासा! (अलीकडच्या अनेक गाड्यांत दिवा इलेक्ट्रॉनिक यंत्रणा लावते. तिथे हे लागू नाही.)

खात्रीसाठी बॅटरीला मल्टिमीटर लावावा. भरलेली बॅटरी इंजिन बंद असताना सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.4. इंजिन चालू असूनही आकडा वाढत नसेल तर चार्जिंग होत नाही. 15 च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे. चालत्या इंजिनावर बॅटरीची वायर काढून पाहण्याची जुनी युक्ती मात्र करू नये. त्या क्षणी उसळणाऱ्या व्होल्टेजने चांगले डायोडही जळतात.